सिकलसेल म्हणजे रक्तातला ‘ध’चा ‘मा’. ही अक्षरं वाचायला आणि लिहायला शिकवणारे हरगोविंद खुराना कोण होते?

नारायणराव पेशव्यांच्या खुनाची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली असते. साल १७७३. पत्रात लिहिलं होतं ‘धरावे’. आनंदीबाईंनी त्यातल्या ‘ध’चा ‘मा’ केला आणि गारद्यांनी पेशव्याला मारलं, असं सांगतात. हे खरंच तसं घडलं का, यावर वाद आहेत. पण ‘ध’चा ‘मा’ करणे ही म्हण मराठीत कायमची बसली. एक अक्षर बदललं की अख्खा हुकूम बदलतो.

असाच एक ‘ध’चा ‘मा’ गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या हजारो लोकांच्या रक्तात झालेला आहे. त्याला आपण सिकलसेल म्हणतो.

वडसा भागात हा शब्द कुणाला नवा नाही. तालुका देसाईगंज, रेल्वे स्टेशनचं नाव वडसा, एका बाजूला वैनगंगा आणि नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातलं ब्रह्मपुरी. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचं हे गाव. दिवाळीनंतर मंडई सुरू झाली की इथून निघालेल्या कंपन्या गावोगावी रात्रभर नाटकं करतात. याच भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर सिकलसेलची माहिती देणारी पत्रकंही दिसतात. वारंवार हातपाय दुखणारी, डोळे पिवळे दिसणारी, शाळा बुडवणारी पोरं अनेक घरांत असतात.

हा आजार कशामुळे होतो, तर एका अक्षरामुळे. पण ते अक्षर कोणतं, त्याचा अर्थ काय, हे माणसाला कळलं कसं? याचं उत्तर एका पटवाऱ्याच्या मुलाच्या कारकिर्दीत आहे. त्यांचं नाव डॉ. हरगोविंद खुराना.

आधी बघू, अक्षर बदललं म्हणजे नेमकं काय झालं?

आपल्या शरीरातल्या पेशींमध्ये डीएनए असतो, हे आता सगळ्यांना माहीत आहे. या डीएनएची लिपी फक्त चार अक्षरांची आहे : ए, टी, जी आणि सी. पेशीला एखादं प्रथिन बनवायचं असेल, तर ती डीएनएच्या त्या भागाची आधी एक नक्कल काढते. या नकलेला आरएनए म्हणतात. आरएनएमध्ये ‘टी’च्या जागी ‘यू’ येतो, बाकी मजकूर तोच.

मग पेशीतलं यंत्र ही नक्कल तीन-तीन अक्षरांनी वाचत जातं. तीन अक्षरांचा एक शब्द आणि एका शब्दाला एक अमिनो आम्ल. अमिनो आम्ल म्हणजे माळेतला एक मणी समजा. असे मणी एकापुढे एक ओवले की प्रथिन तयार होतं.

रक्तातलं हिमोग्लोबिन हे असंच प्रथिन. त्याच्या बीटा साखळीत १४६ मणी असतात. त्यातल्या सहाव्या मण्याचा शब्द असतो ‘जीएजी’. त्याचा अर्थ ग्लुटामिक आम्ल. सिकलसेलमध्ये मधला ‘ए’ जाऊन तिथे ‘टी’ आलेला असतो. शब्द होतो ‘जीटीजी’, आरएनएच्या भाषेत ‘जीयूजी’. याचा अर्थ व्हॅलिन.

बाकीचे १४५ मणी जसेच्या तसे. फक्त एक बदलला.

पण हा व्हॅलिन मणी चिकट निघतो. रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनवतात. एरवी गोल आणि लवचिक असणारी तांबडी पेशी त्यामुळे ताणली जाते आणि धान कापायच्या विळ्यासारखी दिसायला लागते. इंग्रजीत सिकल म्हणजे विळाच. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे अडकतात तिथे जीवघेण्या कळा येतात. शिवाय त्या लवकर फुटतात, म्हणून रक्त कमी पडतं आणि डोळे पिवळे होतात.

आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून हे बदललेलं अक्षर आलं तर माणूस सिकलसेलग्रस्त होतो. एकाकडूनच आलं तर तो वाहक असतो. वाहकाला सहसा काही त्रास होत नाही. उलट त्याला गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणून तर जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता, त्या जंगलपट्ट्यांत हे अक्षर टिकून राहिलं. विदर्भात ते आदिवासी समाजांबरोबरच अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गातल्या काही समाजांतही आढळतं.

आता मूळ प्रश्न. ‘जीएजी’ म्हणजे ग्लुटामिक आम्ल आणि ‘जीयूजी’ म्हणजे व्हॅलिन, हा शब्दकोश लिहिला कुणी?

पटवाऱ्याचा मुलगा

हरगोविंद खुराना यांचा जन्म तेव्हाच्या पंजाबातल्या रायपूर नावाच्या खेड्यातला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. जन्मतारखेची नोंद ९ जानेवारी १९२२ अशी आहे, पण ती नक्की खरी का, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. वडील गावचे पटवारी. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला तलाठी म्हणतात आणि विदर्भात जुनी माणसं अजूनही पटवारीच म्हणतात, तेच काम.

गाव जेमतेम शंभर माणसांचं. त्यात लिहिता-वाचता येणारं कुटुंब जवळपास यांचं एकट्याचंच. पाच भावंडांतले ते धाकटे. घरची गरिबी होती, पण वडिलांनी मुलांना शिकवायचं ठरवलेलं होतं. सुरुवातीची शाळा झाडाखाली भरायची.

पुढे मुलतानच्या डीएव्ही शाळेतून ते लाहोरच्या पंजाब विद्यापीठात गेले. १९४५ मध्ये एमएस्सी झाले. त्याच वर्षी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि ते इंग्लंडला लिव्हरपूलला पोहोचले. १९४८ मध्ये तिथे पीएचडी झाली. मग झुरिकमध्ये व्लादिमीर प्रेलॉग या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाकडे जवळपास वर्षभर काम केलं, तेही पगाराशिवाय.

दरम्यान फाळणी झाली होती. गाव सीमेपलीकडे गेलं, कुटुंब दिल्लीत आलं. १९४९ मध्ये खुराना भारतात परतले. हातात परदेशातली पीएचडी होती. नोकरी मिळाली नाही.

ते पुन्हा इंग्लंडला गेले. केंब्रिजमध्ये अलेक्झांडर टॉड यांच्या प्रयोगशाळेत त्यांना जागा मिळाली. टॉड तेव्हा डीएनए-आरएनएच्या घटकांचं रसायनशास्त्र उलगडत होते. या घटकांना न्यूक्लिओटाइड म्हणतात. डीएनए आणि आरएनए मिळून जो वर्ग होतो तो न्यूक्लिक आम्लांचा. खुराना यांना याच विषयाची गोडी लागली.

१९५२ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमधून बोलावणं आलं. तिथली प्रयोगशाळा छोटी होती, साधनं बेताची होती, पण हवं ते काम करायची मोकळीक होती. याच छोट्या प्रयोगशाळेतून १९५९ मध्ये त्यांनी आणि जॉन मोफॅट यांनी कोएन्झाइम ए हा शरीरातला एक महत्त्वाचा आणि किचकट रेणू कृत्रिमरीत्या बनवून दाखवला. जगाचं लक्ष गेलं. १९६० मध्ये ते अमेरिकेत, मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात गेले.

डीएनए ‘बनवायचा’ म्हणजे काय?

इथे थोडं थांबून खुराना नेमकं काय करत होते ते समजून घेऊ. त्यांचं सगळं मोठेपण यातच आहे.

समजा तुम्हाला ‘जीएजी’ हा तीन अक्षरांचा तुकडा बनवायचा आहे. एका भांड्यात जी आणि ए टाकले आणि हलवले, तर काम होईल का? नाही. कारण प्रत्येक अक्षराला जोडले जाऊ शकतील असे अनेक हात असतात. कुणाचा कुठला हात कुणाच्या हातात जाईल, याचा भरवसा नाही. भांड्यात नुसता गुंता होईल.

उपाय असा : जो हात जोडायचा आहे तो मोकळा ठेवायचा आणि बाकीच्या हातांवर रसायनाची टोपी घालायची. मग दोन अक्षरं जोडायची. त्यातून हवा तो माल वेगळा काढायचा. पुढच्या जोडणीसाठी हवी ती एक टोपी काढायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या. पुन्हा जोडायचं, पुन्हा शुद्ध करायचं. शेवटी सगळ्या टोप्या काढायच्या, पण अशा बेताने की जोडलेली साखळी तुटता कामा नये. कोणती टोपी कशाने निघते, कोणती कशाने टिकते, हे सगळं आधी शोधून काढावं लागलं. यातल्या बऱ्याच पद्धती खुराना यांच्या प्रयोगशाळेत घडल्या.

यात अडचण किती मोठी आहे, ते एका हिशोबाने कळतं. समजा प्रत्येक जोडणी ९० टक्के यशस्वी होते. ऐकायला चांगलं वाटतं. पण अशा २० जोडण्या ओळीने केल्या तर शेवटी हाती फक्त १२ टक्के माल उरतो. तेच यश ९९ टक्के असेल, तर २० जोडण्यांनंतर ८२ टक्के उरतो. १०० जोडण्या करायच्या असतील, तर ९९ टक्क्यांनीही जेमतेम ३७ टक्केच हाती लागतात.

म्हणून या क्षेत्रात एकेक टक्का वाढवण्यासाठी माणसांनी वर्षंच्या वर्षं घालवली. बातमी होईल असं यात रोज काही घडत नाही.

‘जीएजी’ आणि ‘जीयूजी’चा अर्थ कसा लागला?

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनचा रेणूच वेगळा असतो, हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं होतं. पुढे काही वर्षांतच केंब्रिजमध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी नेमका मणी पकडला : ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. पण मणी का बदलला, त्याच्या मागचं अक्षर कोणतं, हे सांगता येत नव्हतं. कारण कोणता शब्द कोणत्या मण्याचा, हेच कुणाला माहीत नव्हतं.

चार अक्षरांपासून तीन अक्षरी शब्द होतात ६४. मणी मात्र २० प्रकारचे. जोड्या कशा लावायच्या?

पहिला धागा १९६१ मध्ये अमेरिकेत मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिख मथाय यांना सापडला. त्यांनी फक्त ‘यू’ असलेला आरएनए घेतला, यूयूयूयूयू असा. पेशी फोडून काढलेल्या रसात तो टाकला. त्यातून एकाच मण्याची माळ तयार झाली : फिनाइलअलॅनिन. म्हणजे ‘यूयूयू’चा अर्थ लागला. पण मिश्र अक्षरांचे शब्द कसे लावायचे? त्यासाठी अक्षरांचा क्रम आपल्याला नक्की माहीत आहे असा आरएनए हवा होता. आणि क्रम ठरवून न्यूक्लिक आम्ल बनवणारा माणूस होता मॅडिसनमध्ये.

खुराना यांनी आधी डीएनएचे छोटे तुकडे हाताने बनवले, समजा टीजीटीजीटीजी असे. मग ते वाढवायला पेशीचीच एन्झाइम वापरली. डीएनएची नक्कल करणारं एन्झाइम आर्थर कॉर्नबर्ग यांनी शोधलेलं होतं, त्यासाठी त्यांना १९५९ मध्ये नोबेलही मिळालं होतं. छोट्या तुकड्यावरून एन्झाइमने लांबच लांब तोच क्रम गिरवला. त्यावरून दुसऱ्या एन्झाइमने आरएनए काढला : यूजीयूजीयूजीयूजी.

हा आरएनए तीन-तीन अक्षरांनी वाचून बघा. यूजीयू, जीयूजी, यूजीयू, जीयूजी. दोनच शब्द, आलटून पालटून. प्रयोगात तयार झालेली माळही तशीच निघाली : सिस्टीन, व्हॅलिन, सिस्टीन, व्हॅलिन. शब्द दोन अक्षरांचे असते तर मणी एकाच प्रकारचे आले असते. म्हणजे शब्द तीन अक्षरांचा असतो, याचाही पक्का पुरावा मिळाला.

मग एजीएजीएजी असा आरएनए घेतला. शब्द झाले एजीए आणि जीएजी. माळ निघाली आर्जिनिन आणि ग्लुटामिक आम्ल यांची.

आता लक्षात घ्या. पहिल्या प्रयोगातला ‘जीयूजी’ आणि दुसऱ्यातला ‘जीएजी’. सिकलसेलच्या रुग्णात जे दोन शब्द अदलाबदल होतात, ते हेच.

प्रत्येक माळेत दोन मणी होते, तेव्हा त्यातला कोणता कोणत्या शब्दाचा, हे अजून ठरायचं होतं. निरेनबर्ग आणि फिलिप लेडर यांनी १९६४ मध्ये त्यासाठी एक युक्ती काढली होती. तीन अक्षरांचा सुटा तुकडा पेशीतल्या यंत्राला दिला की तो आपल्या मण्याच्या वाहकालाच पकडून ठेवतो. खुराना यांच्या प्रयोगशाळेने ६४ च्या ६४ तुकडे बनवले. अशा दोन-तीन वाटांनी पडताळून १९६६ पर्यंत अख्खा शब्दकोश तयार झाला. जीएजी म्हणजे ग्लुटामिक आम्ल. जीयूजी म्हणजे व्हॅलिन. मधलं एक अक्षर बदललं की मणी बदलतो, हे आता कागदावर दिसत होतं.

१९६८ मध्ये खुराना, निरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढच्याच वर्षी भारत सरकारने खुराना यांना पद्मविभूषण दिला. तोवर ते अमेरिकेचे नागरिक झालेले होते.

वाचून झालं, आता लिहायचं

नोबेल मिळाल्यावर कुणीही थोडा दम खाल्ला असता. खुराना यांनी त्याहून अवघड काम हाती घेतलं. अख्खं जनुक बनवायचं.

१९७० मध्ये त्यांच्या गटाने यीस्टमधल्या एका जनुकाची पूर्ण कृत्रिम प्रत तयार झाल्याचं जाहीर केलं. लांबी ७७ अक्षरजोड्या. छोटे छोटे तुकडे हाताने बनवायचे, त्यांची टोकं एकमेकांत बसतील अशी ठेवायची आणि मग सांधणारं एन्झाइम वापरून जोडायचे, अशी रीत होती. त्याच वर्षी ते एमआयटी या संस्थेत गेले. १९७६ मध्ये आणखी एक मोठं जनुक तयार झालं, २०७ अक्षरजोड्यांचं. हे नुसतं बनवलं नाही, तर जिवाणूच्या पेशीत घालून ते नीट काम करतं हेही दाखवलं. माणसाने रसायनांपासून बनवलेलं जनुक जिवंत पेशीने आपलं म्हणून वापरलं.

या प्रयोगशाळेतून दोन गोष्टी पुढे गेल्या, ज्या आज तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत आल्या आहेत.

पहिली, डीएनए लिहिण्याचं यंत्र. खुराना यांच्याकडे काम केलेल्या मार्विन कॅरुथर्स यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जोडणीची नवी रासायनिक पद्धत काढली. तिने एकेका जोडणीचं यश ९९ टक्क्यांच्या आसपास नेलं आणि वेळ काही मिनिटांवर आणला. खुराना यांच्या गटाला ज्यासाठी वर्षं लागली, ते काम आज संगणकावर क्रम टाइप केला की यंत्र करतं.

दुसरी, पीसीआर. १९७१ मध्ये खुराना आणि त्यांचे सहकारी शेल क्लेप्पे यांनी एका शोधनिबंधात एक कल्पना मांडली : दोन छोटे कृत्रिम तुकडे आणि एन्झाइम वापरून डीएनएच्या हव्या त्या भागाच्या नकला काढता येतील. ती तेव्हा मागे पडली. १९८३ मध्ये कॅरी मुलिस यांनी तिला प्रत्यक्षात येईल अशा स्वरूपात आणलं आणि १९९३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. कोरोनाच्या काळात आपण सगळे ज्या आरटीपीसीआरच्या रिपोर्टची वाट बघत बसायचो, ती चाचणी याच तत्त्वावर चालते. त्यात लागणारे वीसेक अक्षरांचे तुकडे यंत्रावर असेच लिहिलेले असतात.

खुराना मात्र तोवर दुसऱ्याच विषयाकडे, डोळ्याला प्रकाश कसा कळतो याकडे वळले होते. २००७ पर्यंत ते एमआयटीत होते. ९ नोव्हेंबर २०११ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी ते गेले.

महाराष्ट्रात हे काम झालं का?

झालं. पुण्यात.

डॉ. कृष्णा गणेश मूळचे बंगळूरचे. केंब्रिजहून आल्यावर १९८० च्या दशकात त्यांनी आधी हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेत डीएनए बनवण्याची सोय उभी केली. देशात अशी सोय तेव्हा नवीच होती. त्यानंतर ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे पाषाण रस्त्यावरच्या एनसीएलमध्ये आले.

तिथे त्यांनी ज्या रेणूवर वर्षानुवर्षं काम केलं, त्याचं नाव पीएनए. १९९१ मध्ये डेन्मार्कमध्ये पीटर नील्सन आणि सहकाऱ्यांनी हा रेणू काढला. डीएनएची अक्षरं तीच ठेवायची, पण ज्या कण्यावर ती बसतात तो कणा बदलून प्रथिनासारखा करायचा, अशी कल्पना. असा रेणू डीएनएला घट्ट चिकटतो आणि पेशीतली एन्झाइम त्याला कुरतडू शकत नाहीत. औषध म्हणून आकर्षक. पण तो पाण्यात नीट विरघळत नाही आणि पेशीत सहज शिरत नाही. गणेश यांच्या गटाने कण्यात वेगवेगळे बदल करून या अडचणींवर काम केलं. भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला. २००६ मध्ये पुण्यात आयसर ही संस्था सुरू झाली, तेव्हा तिचे पहिले संचालक तेच होते.

म्हणजे खुराना यांना १९४९ मध्ये ज्या देशात काम मिळालं नाही, त्याच देशात तीन-चार दशकांनी त्याच विषयाच्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. आज बारावीनंतर विज्ञान घेतलेला गडचिरोलीचा मुलगा किंवा मुलगी परीक्षा देऊन आयसरमध्ये जाऊन हे शिकू शकते.

मग वडसा भागातल्या रुग्णाला याचा काय उपयोग?

इथे स्पष्ट बोलायला हवं. आरोग्य केंद्रात सिकलसेलची जी पहिली तपासणी होते, तिला डीएनए लागत नाही. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तो एका द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ झालं तर सिकलसेलचं हिमोग्लोबिन आहे असं समजतात. मग दुसऱ्या तपासणीतून माणूस वाहक आहे की रुग्ण, हे ठरतं. ही तपासणी स्वस्त आहे आणि गावात होते.

डीएनए लागतो तो गर्भातल्या बाळाची तपासणी करायची असेल तेव्हा. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळ सिकलसेलग्रस्त असण्याची शक्यता २५ टक्के असते. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत नमुना घेऊन, पीसीआरने ते एक अक्षर तपासता येतं. मुंबईत आयसीएमआरची रक्ताच्या आजारांवरची राष्ट्रीय संस्था आहे आणि हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी तिचं केंद्र आपल्या चंद्रपुरात आहे.

उपचारांचं काय? हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्यांनी कळांचे झटके कमी होतात. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घ्याव्या लागतात. आणि आता जनुक दुरुस्तीचा उपचार आला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने ‘कॅसजेव्ही’ या उपचाराला मान्यता दिली. त्यात रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी बाहेर काढून त्यांच्या डीएनएला ठरावीक जागी कात्री लावतात, म्हणजे जन्माआधी असणारं हिमोग्लोबिन शरीर पुन्हा बनवायला लागतं. कात्रीला जागा दाखवतो तो कृत्रिमरीत्या लिहिलेला आरएनए. खुराना यांच्या टोप्या घालण्या-काढण्याच्या विद्येचाच तो वंशज.

पण अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर आहे. भारतात दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने स्वतःचा उपचार विकसित केला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची घोषणा झाली, नाव आहे बिरसा १०१, भगवान बिरसा मुंडा यांच्या नावावरून. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटबरोबर त्यासाठी करारही झाला. घोषणा होणं आणि देसाईगंजच्या रुग्णाच्या हाती उपचार येणं यात मोठं अंतर असतं. तरी दिशा ठरली आहे.

अक्षर कळलं म्हणजे सगळं झालं का?

यावर गडचिरोलीतलाच एक अनुभव ऐकण्यासारखा आहे. १९८० च्या दशकात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी इथे काम सुरू केलं, तेव्हा त्यांनी सिकलसेलचा अभ्यास केला. जिल्ह्यात हा आजार किती आहे ते दाखवलं. वैज्ञानिकदृष्ट्या महत्त्वाचं काम होतं. पण लोकांना त्यात फार रस नव्हता. आजार कळून उपयोग काय, त्यावर इलाज कुठे आहे, असा त्यांचा साधा प्रश्न होता. हा विषय आपल्या आवडीचा होता, लोकांच्या गरजेचा नव्हता, हे पुढे डॉ. बंग यांनीच मोकळेपणाने सांगितलं आहे. त्यानंतर ते लोकांना विचारून कामं ठरवायला लागले.

आज परिस्थिती थोडी वेगळी आहे. तपासणी आहे, गोळ्या आहेत, १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान आहे. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं उद्दिष्ट ठेवलं आहे.

अडचण येते ती सोयरिकीत. मुलगी वाहक आहे कळलं की लग्न मोडेल, म्हणून घरचे तपासणी टाळतात किंवा रिपोर्ट लपवतात. इथे विज्ञान काय सांगतं ते नीट लक्षात ठेवा.

वाहक माणूस आजारी नसतो. वाहक मुलीने किंवा मुलाने वाहक नसलेल्या जोडीदाराशी लग्न केलं, तर त्यांचं मूल सिकलसेलग्रस्त होत नाही, फार तर वाहक होईल. प्रश्न येतो तो दोघंही वाहक असतील तेव्हा. आणि दोघं वाहक आहेत हे कळायला दोघांची तपासणी लागते, नुसत्या मुलीची नाही. पत्रिका जुळवतो तसे रक्ताचे दोन रिपोर्ट शेजारी ठेवले की पुरे. दोघंही वाहक निघाले आणि तरी लग्न करायचं असेल, तर आधीच डॉक्टरांशी बोलून गर्भ तपासणीची तयारी ठेवता येते.

हे अक्षर कुणाच्या चुकीने आलेलं नाही. जात, गोत्र, पाप-पुण्य, कुणाची नजर, याचा त्याच्याशी संबंध नाही. ‘ए’च्या जागी ‘टी’ आला, एवढंच आहे.

आणि एवढंच आहे हे आपण आज इतक्या ठामपणे सांगू शकतो, कारण झाडाखालच्या शाळेत शिकलेल्या एका माणसाने ती अक्षरं एकेक करून जोडली, वाचली आणि त्यांचा अर्थ लावला. त्यांनी केलेलं काम आपल्यापर्यंत पोहोचलं आहे. तपासणी करून घेणं एवढंच आपल्याकडे उरलंय.

तुमच्या घरात, ओळखीत लग्नाची बोलणी सुरू असतील, तर हा लेख त्यांना पाठवा. जवळच्या आरोग्य केंद्रात दोघांनी जाऊन यायला फार तर एक सकाळ जाईल.